तोंपासु म्हणजे काय गं? ऑनलाइन मराठीची बोली आणि तिथली रीतभात

गेल्या होळीच्या दुसऱ्या दिवशी सांगलीहून मावशीचा फोन आला आणि आवाजावरूनच कळलं की काहीतरी मनाला लागलंय. झालं असं होतं की स्वयंपाकाच्या एका ग्रुपवर तिने पहिल्यांदाच स्वतःची कृती टाकली होती, कटाच्या आमटीची, एका बोटाने टाइप करत चांगले दोन तास बसून, पातेल्याच्या फोटोसकट, आणि शेवटी लग्नानंतरच्या पहिल्या होळीला पुरण कसं करपलं आणि सासूबाईंनी ते कसं निभावून नेलं तो किस्साही लिहिला होता. त्यावर पहिला रिप्लाय आला "तोंपासु", बस, एवढाच शब्द. दुसरा आला "पुलेशु". आणि तिसरीने किस्स्याला कवटीचं चित्र लावलं. मावशी म्हणाली, "अगं, शिव्या आहेत का गं या? आणि कवटी कशाला? माझ्या आमटीत काय विष आहे?"

मी म्हटलं, मावशी, तिघींनी तुझं कौतुक केलंय. तोंपासु म्हणजे तोंडाला पाणी सुटलं. पुलेशु म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. आणि कवटी म्हणजे हसून हसून मेले, हल्लीच्या पोरींना तो डोळ्यात पाणी आलेला हसरा पिवळा चेहरा काका-काकूंचा वाटतो, म्हणून त्या कवटी लावतात. मावशी जरा वेळ गप्प झाली आणि मग म्हणाली, "मग सरळ लिहायला काय होतं?"

प्रश्न अगदी रास्त आहे, आणि फोनवर मला त्याचं नीट उत्तर देता आलं नाही. म्हणून आता सविस्तर लिहितेय, कारण मावशीसारखी कितीतरी माणसं आहेत ज्यांना ऑनलाइन लिहायचंय, त्यांच्याकडे सांगण्यासारखं खूप आहे, आणि दोन-तीन न कळलेल्या शब्दांनी ती बिचकून परत जातात. याचं मला खरंच वाईट वाटतं.

पहिलं म्हणजे, शब्दांची आद्याक्षरं घेऊन लिहिणं ही इंटरनेटने आणलेली गोष्ट नाहीच. मावशी स्वतः शाळेत असताना आजोबांना पत्र लिहायची तेव्हा सुरुवात काय करायची? "ती. बाबांस शि. सा. न. वि. वि." तीर्थरूप बाबांस शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. पत्ता लिहिताना मु. पो., शेवटी राहिलेलं काही आठवलं की ता. क., परक्या माणसाला रा. रा., बहिणीच्या नावाआधी सौ. आणि भाच्याच्या नावाआधी चि. हे सगळं कुणी समजावून सांगत नव्हतं, चार पत्रं वाचली की यायचं. आंतर्देशीय पत्रावर जागा मोजकी, पोस्टकार्डावर त्याहून कमी, आणि जे सगळेच लिहितात ते पूर्ण लिहायची गरज नसते, म्हणून ते आखडलं गेलं. पु.ले.शु. हे सा.न.वि.वि.चंच नातवंड आहे. हे सांगितल्यावर मावशीला एकदम पटलं, "अगं हो की" म्हणाली.

दुसरं कारण यंत्रांचं आहे आणि ते मराठी माणसाला फार जवळून लागू होतं. जुन्या मोबाइलवरच्या एका एसएमएसमध्ये मजकुरासाठी जागा असायची १४० बाइट. इंग्रजी अक्षराला ७ बिट पुरतात, त्यामुळे त्यात १६० अक्षरं बसतात. देवनागरीला मात्र प्रत्येक चिन्हासाठी १६ बिट लागतात, म्हणजे त्याच मेसेजमध्ये ७० चिन्हं, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार हे सगळे वेगवेगळे मोजले जातात, जोडाक्षरातला हलन्तसुद्धा. "शुभेच्छा" या एका शब्दाला आठ चिन्हं जातात. म्हणजे तेवढ्याच पैशात निम्म्याहून कमी मराठी, शिवाय बऱ्याच हँडसेटवर देवनागरी दिसायचीच नाही, नुसते चौकोन दिसायचे. मग लोकांनी काय केलं, मराठी इंग्रजी अक्षरात लिहायला घेतली, आणि तिथून ते "जे१ झालं का" आलं. इंग्रजी जे अक्षर आणि पुढे एकचा आकडा, वाचायचं जे-वन, म्हणजे जेवण. आकड्याचा उच्चार घेऊन शब्द तयार करायची ही युक्ती जगभर आहे, थायलंडमध्ये पाचला "हा" म्हणतात म्हणून तिकडची पोरं हसताना ५५५ लिहितात. कोरियात ख च्या जवळचं अक्षर ओळीने लिहितात, फ्रेंच लोक "हसून मेलो" ची आद्याक्षरं लिहितात, म्हणजे त्यांची कवटी अक्षरातच आहे. आणि आपल्याकडे हहपुवा, हसून हसून पुरेवाट. मला विचाराल तर हहपुवा सगळ्यात चांगला, कारण तो वाचतानाच तोंडातून हवा सुटते.

आता हे पुलेशु, हहपुवा, तोंपासु आले कुठून? हे मराठी संकेतस्थळांवरून आलेत. मायबोली १९९६ च्या गणेश चतुर्थीला सुरू झाली, तेव्हा भारतात घरोघरी इंटरनेट नव्हतं, सुरुवातीला तिथे अमेरिकेत आणि इतरत्र राहणारी मराठी माणसं जास्त होती, गावाची आणि भाषेची आठवण काढत बसलेली. मग २००४ मध्ये मनोगत, २००७ मध्ये उपक्रम आणि मिसळपाव, २०११ मध्ये ऐसी अक्षरे. प्रत्येकाची वेगळी बोली झाली. मायबोलीवर एखाद्याच्या पानावर निरोप ठेवायचा तर "विपूत लिहा", विपू म्हणजे विचारपूस. तेच मिसळपाववर खव, म्हणजे खरडवही. खासगी निरोप म्हणजे व्यनि. भेटायचं ठरलं की गटग, पावसाळ्यातली सहल म्हणजे ववि, वर्षाविहार. पुढच्या भागाची वाट बघतोय हे सांगायला पुभाप्र. टाइप करायचा कंटाळा म्हणजे टंकाळा. एकच माणूस दोन नावांनी लिहितोय असा संशय आला की डुआयडी. व्हॉट्सअ‍ॅपचं कायप्पा झालं, फेसबुकचं चेपु, म्हणजे चेहरापुस्तक, आणि पुढे ढकललेल्या ईमेलला लोकांनी ढकलपत्र म्हटलं. हा शब्द कुठल्याही समितीने बसून काढलेला नाही आणि तरी तो इतका नेमका आहे की ऐकताक्षणी अर्थ कळतो. लोक म्हणतात इंटरनेटने मराठी बिघडवली, मी उलट म्हणते की गेल्या पंचवीस-तीस वर्षांत मराठीत नवे शब्द घडवण्याचं काम जेवढं या लोकांनी हौसेने आणि फुकट केलं तेवढं क्वचितच दुसऱ्या कुणी केलं असेल.

आणि त्या शब्दांमध्ये एक माझा सगळ्यात आवडता आहे, रोमात. "मी दोन वर्षं रोमात होते" म्हणजे रीड ओन्ली मोडमध्ये, नुसती वाचत होते, लिहीत नव्हते. त्या इंग्रजी आद्याक्षरांचं रोम, त्याला मराठी विभक्तीचा त लावला की रोमात. गंमत अशी की जपानी लोकांनीही याच अर्थाने हाच रोम स्वतंत्रपणे उचलला, तिकडे नुसतं वाचणाऱ्याला रोम म्हणतात. मी स्वतः खूप दिवस रोमात होते, आणि नव्या माणसाला मी हेच सांगते की आधी थोडे दिवस रोमात राहा. हा सल्ला जुना आहे. १९९५ च्या ऑक्टोबरमध्ये इंटेलच्या सॅली हॅम्ब्रिज यांनी आरएफसी १८५५ नावाचं एक दस्तावेज लिहिलं, ऑनलाइन वागण्याच्या रीतीभातींचं, त्यात स्पष्ट म्हटलंय की कुठल्याही चर्चेत काहीही लिहायच्या आधी एक ते दोन महिने नुसतं वाचा, म्हणजे तिथली माणसं कशी बोलतात ते कळेल. त्याच दस्तावेजात हेही आहे की सगळं कॅपिटल अक्षरात लिहू नका, ओरडल्यासारखं दिसतं. आणि सही चार ओळींपेक्षा लांब नको.

हे लिहून ठेवायची वेळ का आली तर सप्टेंबरमुळे. त्या काळी यूजनेट म्हणून चर्चेचं जाळं होतं, बहुतेक करून विद्यापीठांमधली माणसं तिथे असायची. अमेरिकेत दर सप्टेंबरला कॉलेजं सुरू झाली की नवी पोरं यायची, काहीही कुठेही लिहायची, जुनी माणसं वैतागायची, मग महिन्याभरात पोरं शिकायची आणि सगळं शांत व्हायचं. आपल्याकडे जूनमध्ये शाळेच्या पहिल्या आठवड्यात बालवर्गात जो गोंधळ असतो ना तसं. मग १९९३ नंतर एओएलसारख्या कंपन्यांनी घरगुती ग्राहकांना दार उघडून दिलं, आणि नवीन येणाऱ्यांचा लोंढा महिन्याभरात संपेना, वर्षभर चालू राहिला. जुने लोक म्हणायला लागले की हा सप्टेंबर कधी संपलाच नाही. आपला असा सप्टेंबर म्हणजे २०१६ चा. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ सुरू झालं, फुकट डेटा, आणि गावोगावची माणसं, आजी-आजोबा, शेतात काम करणाऱ्या बाया, सगळे एकदम ऑनलाइन आले. मावशी त्याच लाटेतली. यूजनेटवाल्यांना निदान जुन्यांकडून शिकायला मिळालं, आपल्याकडे एवढी माणसं एकदम आली की शिकवणार कोण आणि कुणाला. त्यामुळे "यांना साधं कळत नाही" असं जे तुच्छतेने बोललं जातं ते मला पटत नाही, कळणार कुठून, कुणी सांगितलंच नाही तर?

बरं, आता मुख्य मुद्दा. ऑनलाइनच्या जवळजवळ सगळ्या खुणा आणि रीती एकाच अडचणीतून आल्यात, ती म्हणजे समोरचा माणूस दिसत नाही आणि त्याचा आवाज ऐकू येत नाही. "काय शहाणा आहेस" हे वाक्य घ्या. आईने गालावर हात फिरवत म्हटलं तर एक अर्थ, मास्तरांनी छडी हातात घेऊन म्हटलं तर दुसरा. लिहिल्यावर दोन्ही सारखीच. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८२ मध्ये नेमकं हेच झालं. तिथल्या कॉम्प्युटरवरच्या चर्चेत कुणीतरी गंमत केली की एका लिफ्टमध्ये पारा सांडलाय, आणि काहींना ती खरी सूचना वाटली. मग १९ सप्टेंबर १९८२ ला स्कॉट फाहलमन यांनी सुचवलं की गंमत असेल तिथे :-) लिहा आणि गंमत नसेल तिथे :-( लिहा. मान डावीकडे कलती करून बघायचं. एवढ्या तीन चिन्हांनी जे काम केलं ते म्हणजे लिहिलेल्या वाक्याला चेहरा दिला.

मराठी माणसांनी याला स्वतःचं उत्तर काढलं, "ह.घ्या." हलके घ्या. एखाद्याची थट्टा केली की शेवटी ह.घ्या., म्हणजे मनाला लावून घेऊ नका. आणि मायबोलीवर त्याच्याही पुढे जाऊन "दिवे घ्या". इंग्रजीत हलकेला लाइटली म्हणतात आणि लाइट म्हणजे दिवा, म्हणून हलके घ्या चं झालं दिवे घ्या, थट्टा केली की समोरच्याच्या हातात एक दिवा ठेवायचा. मला हे फार लोभस वाटतं. पण यात एक रीत आहे जी मोडली की त्रास होतो, ती अशी की ह.घ्या. हे थट्टेला लावायचं, अपमानाला नाही. कुणाच्या रंगावरून, जातीवरून, गावावरून, नवऱ्यावरून बोलायचं आणि खाली ह.घ्या. टाकायचं, असं चालत नाही, लोकांना ते लगेच कळतं आणि मग त्या माणसाची खरी थट्टासुद्धा कुणी हलकी घेत नाही.

ओरडण्याचंही बघा. इंग्रजीत कॅपिटल अक्षरं म्हणजे ओरडणं, पण देवनागरीत कॅपिटल नाहीतच. मग मराठीत ओरडायचं कसं? आपण अवग्रह वापरतो, तो ऽ. "अरेऽऽऽ", "काऽऽय". संस्कृतच्या पोथ्यांमधलं चिन्ह, संधीत लोपलेला अ दाखवायला वापरायचे ते, आणि आज सहावीतला मुलगा मित्राला हाक मारायला ते चार वेळा दाबतो. आणि ठामपणे पण खेळकर विरोध करायचा तर "णिषेध!" मुद्दाम न चा ण. इंग्रजी कीबोर्डवरून मराठी लिहायच्या पद्धतीत छोटा एन दाबला की न आणि शिफ्ट धरून मोठा दाबला की ण, त्यामुळे कॅपिटल अक्षरं आपल्याकडे ओरडायला नाही तर ट, ठ, ण, ळ लिहायला कामाला आली.

यावरून शुद्धलेखनाचा विषय निघतो आणि इथे मला जरा जास्त बोलायचंय, कारण ऑनलाइन मराठीत सगळ्यात जास्त माणसं याच जागी दुखावली जातात. कुणी मनापासून काहीतरी लिहितं, वडिलांच्या आजारपणाबद्दल, पिकाबद्दल, आणि खाली पहिला रिप्लाय असतो "पाणी असं लिहितात, पानी नाही". मराठीचे प्रमाण लेखनाचे नियम आहेत, मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ चे १४ आणि १९७२ मध्ये वाढवलेले ४, एकूण १८, आणि पुस्तकात, बातमीत, सरकारी कागदात ते पाळलेच पाहिजेत असं माझं ठाम मत आहे. पण ग्रुपवर लिहिणारी बाई पुस्तक लिहीत नाहीये, ती बोलतेय. तिच्या घरी पानीच म्हणतात, तिच्या आईने पानीच म्हटलं, खानदेशात, विदर्भात, मराठवाड्यात, कोकणात बोलीचे सूर निराळे आहेत, आणि न-ण वरून माणसाचं घर आणि जात ओळखायची जी जुनी खोड आपल्याकडे आहे ती त्या एका ओळीच्या रिप्लायमध्ये डोकं वर काढते, दुरुस्त करणाऱ्याच्या मनात तसं नसलं तरी. चारचौघांत चूक दाखवली की त्या माणसाचा पुढचा लेख येत नाही. मी हे स्वतः बघितलंय. एका ग्रुपवर एक दादा द्राक्षबागेतल्या डाऊनी रोगाबद्दल इतकं तपशिलात लिहायचे, पानाची खालची बाजू कशी दिसते, फवारणी कधी, पाऊस झाल्यावर किती तासांत, सगळं अनुभवाचं. कुणीतरी ऱ्हस्व-दीर्घावरून तीनदा टोकलं. चौथ्यांदा ते लिहायचे थांबले. त्यांचं ते ज्ञान आम्हाला परत मिळालं नाही. दुरुस्ती सांगायचीच असेल तर व्यनिमध्ये सांगा, आधी मजकुरावर बोला, मग हळूच सांगा की हा शब्द असा लिहितात, बहुतेक माणसं आभारच मानतात.

मराठीची आणखी एक खासियत आहे जी इंग्रजी रीतीभातींच्या यादीत सापडणारच नाही. आपलं क्रियापद माणूस बाई आहे की पुरुष ते सांगून टाकतं. "मी गेलो", "मी गेले", एका वाक्यात उघड. त्यामुळे टोपणनावाने लिहिणारी माणसं, विशेषतः बायका ज्यांना ओळख द्यायची नसते, त्या "मला वाटतं", "मी वाचलं", "मी पाहिलं" अशी वाक्यं निवडतात, कारण त्यात कळत नाही. आणि समोरच्याशी बोलतानाही हाच प्रश्न येतो, "तू म्हणालास" लिहू की "म्हणालीस"? इथे आपलं जुनं अहो-जाहो उपयोगी पडतं, "तुम्ही म्हणालात", यात मान पण आहे आणि बाई की पुरुष हे ठरवावंही लागत नाही. म्हणून अनोळखी माणसाला ऑनलाइन तुम्ही म्हणायचं. ओळख झाली, त्यांनी स्वतः अरे-तुरे केलं, मग करा. "जेवलीस का" हा मेसेज एवढा बदनाम का झाला ते यातच आहे, जेवणाची चौकशी करणं ही आपल्याकडे मायेची गोष्ट, पण इथे एक अनोळखी माणूस एका बाईच्या इनबॉक्समध्ये एकदम एकेरीवर येऊन ती चौकशी करतो, जी करायचा हक्क त्याला कुणी दिलेला नाही. त्या दोन शब्दांत शिवी एकही नाही आणि तरी बायका लगेच ब्लॉक करतात, ते बरोबरच करतात.

आता टिंबाबद्दल, कारण यावरून घराघरात रुसवे होतात. माझ्या मामेभावाने त्याच्या वडिलांना लिहिलं, बाबा आज यायला उशीर होईल. मामांनी उत्तर दिलं "ठीक आहे." पुढे पूर्णविराम. तो मला विचारतो, ताई, बाबा चिडलेत का? मामा अजिबात चिडले नव्हते, त्यांना शाळेत शिकवलं होतं की वाक्य संपलं की टिंब द्यायचं. पण विशी-पंचविशीतल्या पोरांसाठी मेसेज पाठवला की वाक्य संपलंच, त्यामुळे मुद्दाम दिलेलं टिंब म्हणजे दार लावून घेतल्यासारखं. हे नुसतं वाटणं नाही, अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठाने २०१५ मध्ये १२६ विद्यार्थ्यांवर हे करून पाहिलं, मोबाइल मेसेजमधलं एका शब्दाचं उत्तर टिंबासकट दिसलं तर ते कमी मनापासूनचं वाटलं, आणि तेच उत्तर कागदाच्या चिठ्ठीवर हाताने लिहिलेलं दाखवलं तर तसा फरक पडला नाही. म्हणजे चिन्ह तेच, जागा बदलली की अर्थ बदलतो. यात कुणाची चूक नाही, दोघांना एकमेकांची सवय सांगितली की भागतं. मामा आता "ठीक आहे बाळा" लिहितात.

अंगठ्याचंही तेच. मोठ्यांसाठी अंगठा म्हणजे वाचलं, बरं. पोरांना तो तुटक वाटतो. आणि कधीकधी तो त्याहून बराच जड पडतो. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांतात धान्य खरेदी करणाऱ्या एका कंपनीने एका शेतकऱ्याला जवसाच्या कराराचा फोटो पाठवून करार कन्फर्म करा म्हटलं, त्याने अंगठा पाठवला, नंतर जवसाचे भाव वाढले आणि त्याने माल दिला नाही. तो म्हणाला अंगठा म्हणजे करार मिळाला एवढंच. कोर्टाने २०२३ मध्ये निकाल दिला की अंगठा म्हणजे होकार, आणि त्याला सुमारे ८२ हजार कॅनेडियन डॉलर भरायला सांगितले. दोघांमध्ये आधीचे करार "ओके", "हो" अशाच छोट्या उत्तरांवर झाले होते हे कोर्टाने पाहिलं, म्हणजे खुणेचा अर्थ त्या दोघांच्या आजवरच्या बोलण्यावरून ठरवला. तेव्हा पैशाच्या, जमिनीच्या, कामाच्या गोष्टीत अंगठा नको, पूर्ण वाक्य लिहा, "मेसेज मिळाला, उद्या बघून सांगते."

बाकी छोट्या गोष्टी भराभर सांगते. नुसतं "हाय" किंवा "दादा, आहात का" लिहून थांबू नका, काम काय ते त्याच मेसेजमध्ये लिहा, समोरचा मोकळा झाला की सरळ उत्तर देईल. विषयाबाहेरचं काही लिहायचं असेल तर आधी "अवांतर:" लिहा, मराठी संकेतस्थळांची ही फार चांगली सवय आहे. निळ्या टिका दिसल्या म्हणजे उत्तर आलंच पाहिजे असं नाही, माणूस बसमध्ये उभा असतो. आणि ग्रुपवर कुणाच्या निधनाची बातमी असेल तर त्या दिवशी फुलांचं शुभ प्रभात टाकू नका, पाठवायच्या आधी वरचे चार मेसेज वाचा. आमच्या सोसायटीत एका काकांच्या जाण्याच्या बातमीखाली तिसऱ्या मिनिटाला नाचणारा गणपती आला होता, पाठवणाऱ्याने बातमी पाहिलीच नव्हती, पण काकूंनी तो पाहिला.

शेवटी ढकलपत्रं. यात रीतभात हा शब्दसुद्धा अपुरा पडतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, पाच माणसांना जमावाने ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं, बहुतेक सोलापूरकडची, भिक्षा मागत फिरणारी. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज कित्येक दिवस मोबाइलवर फिरत होते. ते पुढे ढकलणाऱ्या बहुतेकांना वाटत असणार की आपण सावध करतोय. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने फॉरवर्ड केलेल्या मेसेजवर तशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी ढकलता येईल अशी मर्यादा घातली, पुढे २०२० मध्ये खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी. अशा खूप फिरलेल्या मेसेजवर दोन बाणांची खूण दिसते, ती दिसली की थांबायचं, कारण तो मेसेज ज्याने तुम्हाला पाठवला त्याने लिहिलेला नाही, आणि ज्याने लिहिला त्याला तुम्ही ओळखत नाही. मावशीला मी एवढंच सांगितलंय की ज्या मेसेजमध्ये "जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोचवा" लिहिलंय तो आधी मला पाठव.

आणि नाव खोडू नका. कुणी लिहिलेलं पुढे पाठवताना खालचं नाव ठेवा, नाव माहीत नसेल तर "साभार, लेखक माहीत नाही" लिहा. मावशीची ती आमटी गौरी-गणपतीच्या सुमारास तिच्याकडेच परत आली, भिशीच्या दुसऱ्या एका ग्रुपवर, करपलेल्या पुरणाच्या किस्स्यासकट, फक्त खालचं तिचं नाव गायब आणि वर "आजीच्या हातची पारंपरिक कृती" असं मथळ्यासारखं. तिने मला फोन केला नाही या वेळी. तिने स्वतःच खाली लिहिलं: "ही कृती माझी आहे, होळीला लिहिली होती. मध्ये कुणीतरी चिंच दुप्पट केली आहे, तेवढी घालू नका, आंबट होईल. कट पातळच ठेवा, उकळल्यावर दाटतो." खाली तेरा जणींनी उत्तरं दिली होती, त्यातल्या दोघींनी तोंपासु लिहिलं होतं, आणि एकीने विचारलं होतं की गूळ किती घालायचा.